राखलेला डाव

माणूस रोज सकाळी नदीवर जातो, नारळाच्या काथ्यानं एक काळा धोंडा घासतो, त्याच्यावर पाणी ओततो, पुन्हा घासतो आणि मग कुठे स्वतः अंघोळ करतो, असं मी आज कुणाला सांगितलं तर तो माझ्याच कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. पण भोरला नीरेवर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारा. आता त्यातल्या फारशा राहिल्या नाहीत म्हणा. त्या लांबूनच ओरडायच्या, "वस्ताद, आज कानामागं राहिलं की वो!" आणि हा गृहस्थ खरंच वाकून धोंड्याची ती बाजू बघायचा.

ते दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानात माहूत होते. संस्थानाचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. 'तिकडं' म्हणायचे. तिकडं पाऊस आधी येतो, तिकडची ज्वारी गोड. त्यांनी नाव घेतलं नाही तर मी तरी कशाला घेऊ? आणि त्यांचं स्वतःचं नाव विचाराल तर तेही आम्हाला माहीत नव्हतं. सगळं भोर त्यांना वस्ताद म्हणायचं.

मी तेव्हा भोर-पुणे सर्व्हिस मोटार चालवायचो, मधूनच वेल्ह्याची फेरीही. मूळचा हिर्डोशीचा. आमच्याकडे पायांशिवाय दुसरं वाहन नसायचं, त्यामुळे ड्रायव्हर झालो म्हटल्यावर माझी छाती जरा जास्तच पुढे आलेली. आणि अशा माझ्या हाताखाली क्लीनर कोण, तर साठीकडे झुकलेला, वाळल्या शेंगेसारखा एक माहूत! मालकांना म्हटलं, "हे काय हो? मोटारीला माहूत?" मालक हसून म्हणाले, "अरे, हलका आहे. टपावर सरसर चढतो. आणि पीत नाही. तुला आणखी काय पाहिजे?"

मोटारीला ते 'ही' म्हणायचे. हँडल मारायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवून पुटपुटायचे, "ऊठ माजी आई." रेडिएटरमध्ये पाणी घालताना मध्येच थांबून विचारायचे, "आनखी?" तिच्या समोरून कधी जायचे नाहीत, नेहमी बाजूनं. मी वैतागून म्हणायचो, "वस्ताद, लोखंड आहे ते." "व्हय की, लोखंडच," ते म्हणायचे. "पर लोखंडाला सांगून कामाला लावलं तर झिजतंय व्हय?"

एकदा वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीच्या अलीकडे, गाडी चिखलात बसली. आत बाजाराची माणसं, कुणाची शेरडं, कोंबड्या. मी रागानं दाबतोय, चाक जागच्या जागी फिरतंय आणि चिखल मागून ढकलणाऱ्यांच्या धोतरांवर. शिव्या तर विचारू नका. वस्ताद माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वरडू नका तिच्यावर. वरडलं की जनावर पाय रुतवतंय." सगळ्यांना त्यांनी उतरवलं, चाकाखाली डहाळ्या घातल्या आणि म्हणाले, "आता दमानं बोला." मी दमानं गिअर टाकला आणि गाडी निघाली. एक म्हातारा धनगर बाजूला उभा होता, तो म्हणाला, "ह्याला जनावराची नाडी कळती." मी फणकारलो, "डहाळ्यांनी निघाली, नाडीनं नाही." पण त्या दिवसापासून गिअर टाकताना माझा हात जरा हलका झाला, हे खरं.

बोलताना त्यांचे हात गप्प असायचे. बोलायचे ते पायाचे अंगठे. मडगार्डवर बसले की दोन्ही अंगठे सारखे हलत राहायचे, कुणाला तरी डावीकडे वळवत, कुणाला तरी थांबवत. जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला ठेवायचे. तो जमनाचा. जमना म्हणजे तिकडची हत्तीण. तुकडा अर्थात स्टँडवरची शेळी खायची.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"जमना," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "आन पोरगं."

मला राग आला त्या उत्तराचा. पोटच्या पोरापेक्षा हत्तीण आधी! माझा बाप हिर्डोशीहून डोंगर तुडवत मला बघायला यायचा आणि गाडी गेलेली असली तर पुन्हा चालत परत जायचा. मी वस्तादांना तोंडावर म्हटलंसुद्धा, "धन्य आहे तुमची." त्यांचे अंगठे तेवढे हलत राहिले.

ते तिकडून पळून का आले याच्या भोरात तीन-चार गोष्टी होत्या. कुणी म्हणे अंबारीचं सोनं चोरलं, कुणी म्हणे खून केला. वस्तादांनी कुठलीच खोडून काढली नाही.

तिकडची आणखी दोन माणसं भोरात होती. एक कासारीण काकू. स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान मांडून बसायच्या, विधवा, तोंडानं फटकळ. दुसरे अण्णा, तिकडच्या राजवाड्यात खाजगीकडे कारकुनी करून उतारवयात लेकीकडे येऊन राहिलेले. दुपारी माझ्या मोटारीनं पुण्याहून वर्तमानपत्र यायचं. ही तिघं पारावर जमायची. अण्णा वाचायचे, काकू मध्ये मध्ये तोंड घालायच्या आणि वस्ताद ऐकायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो काळ. संस्थानासंस्थानातून प्रजा उठली होती. तिकडं तर फारच पेटलं होतं. सारा वाढवलेला, वेठबिगार, जंगलात पाऊल टाकलं तरी दंड. सभा घेतली की पोलीस, बोललं की कोठडी. कारभार सगळा दिवाणाच्या हातात आणि दिवाण म्हणजे कर्दनकाळ. काकूंचा सख्खा भाऊ त्या चळवळीत होता.

"महाराज देवमाणूस आहेत हो," अण्णा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणायचे. "सगळं त्या दिवाणाचं कारस्थान. महाराजांच्या कानावरच जात नाही."

"माज्या भावाला चावडीत गुरासारखा बडीवला, तवा देव काय कानात बोळं घालून बसला हुता?" काकू म्हणायच्या.

"राजाशिवाय प्रजा म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ!"

अण्णांच्या तोंडून निघून गेलं. काकूंनी बांगड्यांची माळ बाजूला ठेवली, पदर मागे सारला आणि म्हणाल्या, "अण्णा, हे बगा माजं कपाळ. चाललंय की माजं."

अण्णा बिचारे त्या दिवशी पुढचं वाचू शकले नाहीत.

मालकांना हे सगळं बघून घाम फुटायचा. मला बाजूला घेऊन म्हणायचे, "अरे, आपणही संस्थानातच राहतो. दुसऱ्याच्या राजाला शिव्या घातल्या तरी त्या आपल्या राजाच्या कानाला लागतात." खोटं नव्हतं ते. त्याच सुमाराला पाराच्या पलीकडच्या टोकाला एक शिपाई येऊन बसायला लागला. तंबाखू मळत बसायचा, पण एवढी कुणी मळतं का? मळून मळून तिची राख झाली असेल. वस्तादांवर तिकडचं वॉरंट होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडून मागणी आली असती तर भोरनं त्यांना एका दिवसात बांधून दिलं असतं.

मग ती बातमी आली. येत्या बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसं, बायकापोरांसकट, राजवाड्यावर जाणार. दरबारानं जमावबंदी पुकारलेली. शेवटची ओळ अण्णांनी वाचली ती अडखळत: दरबारानं घोडेस्वार आणि हत्ती सज्ज ठेवले आहेत.

मी वस्तादांकडे बघितलं. त्यांचे अंगठे थांबले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मोटारीच्या शेडमध्ये ते माझ्यासमोर उभे राहिले. "डायव्हर, मला जाया पायजे."

"नाक्यावर धरतील तुम्हाला."

"धरत्याल," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. मग जे पोटात इतकी वर्षं दाबलेलं होतं ते सगळं बाहेर आलं.

दुष्काळाच्या साली लोक असेच राजवाड्यावर आले होते. दिवाणानं हुकूम केला, हत्तीण सोडा गर्दीवर. "म्या जमनाला दरवाज्याभायेर काढलं, आन लोकांम्होरं खाली बसीवलं. लोकं हसली. पोरांनी गूळ चारला तिला. दिवाण वर सज्जात हुता, त्यो काय हसला न्हाई. माज्या हातात बेड्या पडायच्या आदी म्या हद्द वलांडली." माहुताची जागा मग त्यांच्या मुलाला मिळाली. मुलानं निरोप पाठवला होता: माझ्या लेखी माझा बाप मेला. तो निरोप काकूंच्या भावाकडून काकूंकडे आणि काकूंकडून वस्तादांकडे आला होता. इतक्या फटकळ काकू, पण त्यांनी ते कधी कुणाला कळू दिलं नाही.

"मग आता तुमचा मुलगा काय तो बघून घेईल," मी म्हटलं.

"त्येला येत न्हाई!" वस्ताद ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "जमनाला चालवाया येतं, थांबवाया येतं. पर बिथरली तर बसवाया येत न्हाई. त्यो डाव म्या त्येला दिला न्हाई."

तालमीत गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव देतो आणि एक राखतो. रीतच ती. कुस्तीत तशी हत्तीखान्यात. यांच्या वस्तादानं यांना तो डाव मरणाच्या अंथरुणावर दिला होता. हे म्हणाले, मीही मरताना देईन. मध्ये हद्द येईल, बाप-लेकाचं तोंड बंद होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी!

"गर्दीचा गलका झाला की जमना बिथरती. म्होरं बायकापोरं. मागनं लोकांचा लोंढा, त्येंना मागं सराया जागा न्हाई. पोराला थांबवायचं आसलं तरी त्येच्या हातात काय न्हाई. माणसं मरत्याल, डायव्हर. आन ती मारली माज्या पोरानं, असं जलमभर म्हणत्याल लोक. डाव म्या राखला, आन पाप त्येच्या माथी."

"चिठ्ठी पाठवा."

"पायाची गोष्ट चिठ्ठीत कशी लिवणार?"

आता योग असा, की मालकांकडे तिकडच्या राजवाड्याच्याच गावाला भोरचं एक वऱ्हाड न्यायचं भाडं आलेलं होतं. दुसरा ड्रायव्हर नाही म्हणाला होता. पेटलेल्या गावात कोण मरायला जाईल? मालकही रद्दच करणार होते. मी म्हटलं, "मी नेतो." मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण म्हाताऱ्याचे ते थांबलेले अंगठे मला बघवत नव्हते.

मग सुरू झाली माझी शिकवणी. वस्ताद मडगार्डवर आणि मी खाली जमिनीवर, त्यांच्याकडे पाठ करून. त्यांचे दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर, अंगठे माझ्या कानामागं. मी ड्रायव्हर, खाकी डगलेवाला, आणि झालो होतो हत्तीण!

"आदी दोनी अंगठे गप करायचे," ते सांगत होते. "ते सारकं हालत्यात, त्येच तिच्याशी बोलणं. बोलणं थांबलं की ती कान देती. मग डावा अंगठा हितं, ह्या मऊ खळग्यात. टोचायचा न्हाई. पीठ मळताना तळवा देतो तसा भार द्यायचा. तोंडानं बोलायचं न्हाई, अंकुश लावायचा न्हाई. मग तिला वाटतं, बसायचं आपणच ठरीवलं. आन एक ध्यानात ठेवा. अंगठा हाय तवर ती बसली. अंगठा काढला की उटली."

माझा पाय त्यांना नको होता, माझी मान हवी होती. त्यांच्या मुलानं माझ्या कानामागं भार द्यायचा आणि बरोबर की चूक ते मी सांगायचं. म्हणून ते पुन्हा पुन्हा देत राहिले, कधी मुद्दाम चुकवून. "सांगा, बरोबर का?" "नाही." "आता?" "हां, हे बरोबर."

"आता मान हालवा. तुमी बिथरलाय. वरडा."

"काय?"

"बिथरलेला हत्ती गप बसतोय व्हय? वरडा म्हणतो ना!"

मी ओरडलो. नेमके त्याच वेळी मालक शेडमध्ये आले. त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि शिपायाला मोठ्यानं म्हणाले, "काही नाही, हॉर्न बिघडलाय." मालकांना मी आयुष्यभर भित्रा म्हणत आलो, पण त्या एका वाक्यासाठी त्यांना सगळं माफ.

वऱ्हाड घेऊन निघालो. शिरवळ मागे पडलं, तसतसं वऱ्हाडातलं हसणं कमी होत गेलं. नाक्यावर तिकडच्या पोलिसांनी बायकांच्या ट्रंका उपसल्या, नवरदेवाचा फेटासुद्धा सोडून बघितला. एकानं काठीनं बॉनेटवर दोन फटके मारले. "काय हाय हिच्यात?" माझ्या तोंडावर आलं होतं, सांगून हात लावा. गिळलं. माझ्याजवळ लपवण्यासारखं काय होतं? कानामागचा एक खळगा!

गावात दुकानं बंद. मांडव घातलेला, पण वाजंत्री गप्प. लग्न दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं बाजाराच्या दिवशी. मुलीच्या बापाचं तोंड सुतकात असल्यासारखं. मी गाडी लावली आणि विचारत विचारत हत्तीखान्यावर गेलो.

जमना मी तिथं पहिल्यांदा बघितली. भोरच्या धोंड्यासारखी काळीभोर, कान फाटके, डोळे बारीक आणि शहाणे. तिच्या पायाशी एक जवान माणूस उसाची वाढी तोडत बसला होता. बसण्याची ढब तीच. पायाचे अंगठे हलत होते.

"भोरहून आलोय," मी म्हटलं. "तुमच्या वडलांनी पाठवलंय."

त्यानं मान वर केली नाही. "माजा बाप मेलाय."

"त्यांनी राखलेला डाव पाठवलाय."

वाढी तोडणारा हात थांबला. प्रत्येक पठ्ठ्याला माहीत असतं की एक डाव राखलेला आहे. तो जन्मभर त्याचीच वाट बघत असतो. वस्तादांचा मुलगा कोयता ठेवून उठला. मग आजूबाजूला बघून ओट्यावर चढून बसला आणि म्हणाला, "दावा."

मी त्याच्या पायाशी खाली बसलो. त्यानं अंगठे लावले. "नाही," मी म्हटलं. "आधी गप करा त्यांना." त्यानं गप केले. "टोचतंय. पीठ मळल्यासारखं." पुन्हा. "नाही." पुन्हा. "अंहं." त्याला घाम फुटला होता, मलाही. आणि मग एकदम तो भार बरोबर जागी आला. तसाच, जणू वस्तादच मागे बसलेत. माझे डोळे भरून आले, कशाला लपवू? मी म्हटलं, "हां. हे बरोबर."

त्यानं अंगठा लगेच काढला नाही. "हे तात्यांनी मला आदी का न्हाई दिलं?"

"रीत आहे म्हणाले."

"रीत!" तो थुंकला. "रीत त्येंची, आन हुकूम दिवाणाचा. मी कुनाचा?" मग उतरून त्यानं जमनाच्या सोंडेवर हात ठेवला. "जावा तुमी. उद्या मी काय करीन ते त्येंना सांगू नगा. मलाच ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी लग्न कसंबसं उरकलं. मंगलाष्टकं म्हणजे पळापळ होती. अक्षता पडल्या न पडल्या तोच लांबून गलका ऐकू आला. मी गाडीपाशी होतो. टपावर चढलो. राजवाड्याचा दरवाजा तिथून सरळ दिसत होता.

माणसं, माणसं, माणसं. पुढे बायका, कडेवर पोरं. मागून लोंढा येतच होता. दरवाज्याच्या आत घोड्यांची डोकी दिसत होती. वर सज्जात दिवाण. आणि मग दरवाजा उघडला आणि जमना बाहेर आली, मानेवर वस्तादांचा मुलगा. तिला बघताच किंकाळ्या उठल्या. पुढच्या बायका मागे वळल्या, पण जायचं कुठं? मागे भिंत उभी राहावी तशी गर्दी. जमनाचे कान फडकले. सोंड वर गेली. ती ओरडली. ती चार पावलं पुढे आली. एक बाई खाली पडली. मी टपावर ओरडत होतो, "गप कर! गप कर अंगठे!" माझा आवाज कुणाला ऐकू जाणार होता?

आणि जमना बसली.

दरवाज्याच्या तोंडातच बसली. आतले घोडे आतच अडकले. मग गर्दीतून एक म्हातारा हसला आणि त्याच्यामागून सगळे. पडलेल्या बाईला लोकांनी उचललं. वरून दिवाण काहीतरी ओरडला. आतून शिपाई ओरडत होते, "उटीव! उटीव तिला!" मुलगा जमनाच्या मानेवर नुसता बसून होता.

मग आतून जमनावर बंदुकीचा बार झाला. मागून, अगदी जवळून. जमना हादरली, डोकं वर फेकलं. गर्दी पुन्हा किंचाळली. आता ती उठणार आणि सरळ माणसांवर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पोरानं स्वतःला तिच्या मानेवर पालथं टाकलं, दोन्ही हातांनी तिचं डोकं कवटाळलं. पुन्हा बार झाला. पुन्हा. तो तिच्याशी काहीतरी बोलत होता, ओठ हलताना दिसत होते. त्याचा डावा पाय मात्र तिच्या कानामागून तसूभर हलला नाही. जमना उठली नाही. बसल्या जागी तिचं डोकं हळूहळू खाली आलं.

त्याला तिच्यावरून ओढून काढताना मी शेवटचं बघितलं. गर्दीतला एकही माणूस मेला नव्हता.

वऱ्हाड घेऊन परत भोरला आलो तेव्हा तिघं पारावर बसलेली होती. शिपाईही होता. मी गाडी बंद केली आणि उतरलो. काय सांगू, कुठून सांगू? वस्ताद उभे राहिले. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. अण्णांनी डोक्यावरची पगडी काढली आणि मांडीवर ठेवली. काकू तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला वाटलं, म्हातारा आता जमनाच्या नावानं हंबरडा फोडील.

त्यांनी एकच विचारलं. "पाय काडला न्हाई ना त्येनं?"

"नाही."

"ती उटाया बगत हुती तवा बी?"

"तेव्हाही नाही. शेवटपर्यंत नाही."

ते खाली बसले. मग म्हणाले, "मला झालं नसतं. म्या काडला असता." आणि पाराच्या पलीकडे बसलेल्या त्या शिपायानं तंबाखू टाकून दिली आणि तो उठून निघून गेला.

पुढचं वर्तमानपत्रातून कळत गेलं. त्या बंदुकीनं लोकांचं भयच गेलं. गावंच्या गावं राजवाड्यासमोर येऊन बसली. दिवाणाला जावं लागलं, वेठ बंद झाली. काकूंनी सगळ्या स्टँडला साखर वाटली, अण्णांनीही ती घेतली. वस्तादांनी मुठीत धरली आणि ते कोरडी भाकरी खात बसले. शेवटचा तुकडा आता बाजूला ठेवत नव्हते. नदीवर जायचे, पण धोंड्याच्या बाजूला जायचे नाहीत. बायकाही काही बोलायच्या नाहीत. पोरगं कोठडीत होतं. रोज दुपारी ते अण्णांना विचारायचे, "सुटल्याल्यांची नावं आल्यात?"

नावं आली नाहीत. पोरगंच आलं. एका दुपारी शिरवळच्या फाट्यावर माझ्याच मोटारीत चढलं. मी ओळखलंच नाही आधी, एवढं वाळलेलं. भोरच्या स्टँडला गाडी लागली. वस्ताद नेहमीसारखे बाजूनं आले, टपावरचं सामान उतरवायला. आणि दारात तो उभा.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. वस्ताद खाली वाकले. मला वाटलं, त्यांचं काही पडलं. त्यांनी पोराचा डावा पाय दोन्ही हातात धरला आणि त्याच्यावर कपाळ टेकलं.

"तात्या, काय करताय! लोकं बगत्यात," पोरगं कासावीस होऊन म्हणालं. पाय सोडवून घ्यायला बघत होतं.

"बगू दे," वस्ताद म्हणाले. "काडू नगो."

मोटार मार्गासनीला जायला उशीर झाला होता. आतली माणसं कुरकुरत होती. मालक ऑफिसातून ओरडले, "अरे, बघतोस काय? गाडी काढ!"

मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो.